क्लोद-एत्येन मिनिये
क्लोद-एत्येन मिनिये (१८०४–१८७९) हे फ्रेंच सेनाधिकारी ठासणीच्या बंदुकीच्या गोळीसाठी ओळखले जातात. त्यांचा जन्म पॅरिसमध्ये झाला. आफ्रिकेतील लष्करी सेवेनंतर १८४९ मध्ये त्यांनी ही गोळी सिद्ध केली. तोवर पेचदार खाचांच्या नळीत घट्ट बसणारी गोल गोळी ठोकून उतरवावी लागे. नेम अचूक साधे, पण वेळ फार जाई. मिनिये यांची शिशाची निमुळती गोळी नळीहून किंचित बारीक असल्याने सहज उतरे. बार उडताच तिच्या पोकळ बुडातील लोखंडी वाटी आत रेटली जाई आणि बूड फुगून खाचांत रुते. तिचे भीषण रूप अमेरिकन यादवी युद्धात दिसले; हाडांचा चुरा झाल्याने असंख्य सैनिकांचे हातपाय कापावे लागले. तेथील काही शिकारी हरणासाठी आजही वाटीविरहित मिनिये गोळी निवडतात. मात्र ती नळीच्या मापाची नसल्यास नेम ढळतो व हरिण जखमी होऊन निसटते.