भोवऱ्याची गोष्ट

काही माणसे स्वतःसाठी नावच असे घेतात, की पुढे त्यांचे सारे आयुष्य त्यात सामावते. झिगा व्हेर्तोव हे त्यांतलेच एक. झिगा म्हणजे युक्रेनी भाषेत भोवरा, आणि व्हेर्तोव या शब्दातही गरगर फिरणेच आहे. मूळ नाव दाविद कॉफमन. जन्म २ जानेवारी १८९६ रोजी ब्यावोस्तोक येथे, ज्यू घराण्यात.

या गृहस्थांची आणि माझी पहिली गाठ आमच्या इंदुरातल्या एका चित्रपट-मंडळात पडली, त्याला आता चाळीस वर्षे होतील. झिजलेली फीत, पडद्यावर ओरखड्यांचा पाऊस आणि डोकी कापलेली माणसे! खरे सांगायचे तर, मी अर्ध्यातच उठून चहाला गेलो होतो.

परवा भाच्याने तोच मूकपट घरी तबकडीवर लावला, आणि मला माझीच लाज वाटली.

व्हेर्तोवांनी तरुणपणी संगीत शिकले, आवाजांचे प्रयोग केले. १९१८ साली ते मॉस्कोत वार्तापटांच्या कामाला लागले. नट, नेपथ्य, रचलेली कथा हे सारे खोटे. कॅमेऱ्याचा डोळा माणसाच्या डोळ्याहून अधिक पाहतो, असा त्यांचा आग्रह. १९२२ पासून त्यांनी 'किनो-प्राव्दा' या वार्तापटाचे तेवीस अंक काढले. धाकटे बंधू मिखाईल कॅमेरा धरीत, पत्नी एलिझावेता स्विलोवा फीत कापून जोडीत. १९२७ साली मॉस्कोतली नोकरी सुटली, तेव्हा युक्रेनच्या चित्रसंस्थेने आसरा दिला. तिथे १९२९ साली 'मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा' तयार झाला. कीव, खारकीव, ओदेसा आणि मॉस्को यांतून वेचलेल्या दृश्यांचा हा एकाच शहराचा एक दिवस. त्यात ना नट, ना कथा, ना मधल्या पाट्या.

याच चित्रानंतर भावाभावांत बिनसले. पुढे वारे फिरले, आणि नुसत्या रूपाच्या नादी लागल्याचा ठपका व्हेर्तोवांवर आला. ज्याने वार्तापटाला कलेचे रूप दिले, त्याला अखेरची वर्षे चाकोरीतले वार्तापट जोडण्यात काढावी लागली. १२ फेब्रुवारी १९५४ रोजी मॉस्कोत कर्करोगाने ते गेले.

आता त्या कापलेल्या डोक्यांविषयी. मूकपटाचे चित्र फितीची सगळी रुंदी व्यापते. बोलपटांच्या काळात नव्या प्रती काढताना ध्वनीच्या पट्टीसाठी डावीकडची कड छाटली गेली, आणि जगभर हे चित्र तसेच फिरत राहिले. मात्र १९३१ साली व्हेर्तोवांनी स्वतः एक अखंड प्रत ॲमस्टरडॅमच्या फिल्मलीगा या मंडळापाशी ठेवली होती. ती तिथे जपली गेली. तिच्यावरून २०१४ साली चित्र पुन्हा उजळले, आणि २०१५ साली ब्ल्यू-रे तबकडीही निघाली.

आज घरोघरी अल्ट्रा एचडी पडदे आले आहेत. त्यांवर ३८४० गुणिले २१६० ठिपके, म्हणजे आधीच्या एचडीच्या चौपट. जुनी प्रयोगचित्रे त्यांवर आणण्याची हौस चांगलीच आहे. पण मला वाटते, ठिपके कितीही वाढवले तरी छाटलेली कड परत येत नाही. त्यासाठी कुणीतरी मूळ फीत जपून ठेवलेली असावी लागते. उलट, चित्र गुळगुळीत करण्याच्या नादात फितीचा मूळ कण पुसला, तर पुन्हा एकदा छाटल्यासारखेच झाले.

त्या चित्रात एके ठिकाणी स्विलोवाबाई स्वतः दिसतात. टेबलाशी बसून त्या फितीचे तुकडे निवडीत आहेत. पतीच्या पश्चात त्यांनी त्यांची टिपणे आणि कागदपत्रे अशीच निगुतीने जपली. १९७५ साली त्याही गेल्या. त्या रात्री त्यांचे हात मला अगदी स्वच्छ दिसले. चाळीस वर्षांपूर्वी मी नेमका तेव्हाच चहाला गेलो असेन.