शाळा मुलांच्या अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या दिवंगत थोर व्यक्तीचा परिचय लिहावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आमच्यापुढे प्रथम ताराबाई मोडक यांचे नाव आले. याची कारणे दोन. ताराबाईंनी आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे आपल्यासारखीच महाराष्ट्राबाहेर घालविली, हे पहिले कारण. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गात मुले येत नाहीत, ही तक्रार आम्ही प्रत्येक वार्षिक सभेत करीत आलो आहोत. मुले शाळेत येत नाहीत, ही तक्रार ताराबाईंच्याही वाट्याला आली होती. मात्र त्यांनी तक्रारीपाशी न थांबता तिचे मूळ शोधले. ते कसे, हे आपणा सर्वांना ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. आईवडील प्रार्थना समाजाच्या विचारांचे असल्याने घरात सुधारणेचे वारे खेळत होते. मुलींनी चार बुके शिकली तरी पुष्कळ झाले असे मानण्याच्या त्या काळात ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार फार काळ टिकला नाही. एकट्या स्त्रीने स्वतःच्या पायांवर उभे राहणे तेव्हा किती अवघड होते, हे जुन्या पिढीस सांगावयास नको. ताराबाईंनी राजकोट येथील बार्टन स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्याच भारतीय स्त्री होत.

मानाची आणि स्थैर्याची ही जागा त्यांनी आपण होऊन सोडली. भावनगर येथे नानाभाई भट्ट यांनी स्थापन केलेल्या दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई पेशाने वकील होते. परंतु मादाम माँटेसरींचे विचार वाचून त्यांनी वकिलीकडे पाठ फिरविली आणि अडीच-तीन वर्षांच्या मुलांमध्ये ते रमले. छडी आणि धाक यांवाचून मूल शिकू शकते, ही गोष्ट तेथे रोज प्रत्यक्ष दिसत होती. ताराबाई या कामात ओढल्या गेल्या. त्यांनी गुजराती भाषा आत्मसात केली, त्या भाषेत लेखन केले आणि गिजुभाईंच्या बरोबरीने नियतकालिकाचे संपादनही केले. १९२६ साली या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. पुढे शिक्षणपत्रिका मराठीतही निघू लागली आणि भावनगरच्या बालमंदिरातील अनुभव मराठी पालकांच्या घरी पोहोचला. परप्रांतात गेलेल्या माणसाने तेथील भाषेस आपले मानावे, तेथे मिळेल ते मनापासून शिकावे आणि मायबोलीच्या पदरात आणून टाकावे, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

१९३६ साली ताराबाईंनी मुंबईस दादर येथे शिशुविहार ही संस्था सुरू केली. बालवाडी आणि तिच्या शिक्षिकांचे प्रशिक्षण, असे दुहेरी काम तेथे चाले. संस्था नावारूपास आली. १९३९ साली गिजुभाई निवर्तले आणि बालशिक्षणाच्या चळवळीची धुरा ताराबाईंकडे आली. त्याच सुमारास एक प्रश्न त्यांच्या मनास बोचू लागला होता. माँटेसरी पद्धतीचे लाकडी साहित्य महाग. ते परवडणार शहरातील सुस्थित घरांना. मग खेड्यातील, दलित वस्तीतील, रानातील मुलांनी काय करावे? गांधीजींच्या नई तालीमच्या विचारानेही त्यांना याच दिशेने नेले.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या आणि त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. पुण्याच्या शाळेतील शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या अनुताई वाघ त्यांना येथेच लाभल्या. बालवाडी तर सुरू झाली. पण ज्यांच्यासाठी हा खटाटोप, ती गरीब वस्तीतील मुले येईनात. मुलांना घरून आणून सोडणारे कोणी नव्हते. स्वच्छ कपडे नव्हते. आईबापांना मजुरीवर जावे लागे. तेव्हा ताराबाईंनी ठरविले की, मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. शिक्षिका पिशवीत साहित्य घेऊन वस्तीत जाऊ लागल्या. कोणाचे तरी अंगण झाडून घ्यावयाचे, मुलांचे हातपाय धुवावयाचे, केस विंचरावयाचे आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हेच शिक्षणाचे साहित्य झाले. मोजणे, निवडणे, रंग व आकार ओळखणे हे सारे त्यांतून साधू लागले. अंगणात भरणारी म्हणून ती अंगणवाडी.

काही वर्षांनी हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. आज हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. येथील वारली मुलांची अडचण वेगळी होती. मोठी बहीण शाळेत यावी, तर धाकट्या भावंडास सांभाळणार कोण? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही एकत्र ठेवण्यात आली. बहीण कडेवरचे मूल पाळणाघरात ठेवी आणि निश्चिंतपणे आपल्या वर्गात जाऊन बसे. यालाच विकासवाडी असे नाव मिळाले. मुलगे दिवसभर गुरे राखीत; त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत असताना शिक्षक त्याच माळावर जात आणि झाडाखाली अक्षरे गिरविली जात. दिवसा ज्यांना मुळीच सवड नसे, त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग होते. एकाच टेकडीच्या परिसरात मुलांच्या जीवनाप्रमाणे शाळेची ही निरनिराळी रूपे सिद्ध झाली. वेळ, जागा, साहित्य यांपैकी कशाचाही आग्रह ताराबाईंनी धरला नाही. मूल शिकले पाहिजे, एवढाच आग्रह धरला.

हे काम सोपे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या फसविल्या गेलेल्या लोकांचा पांढऱ्या कपड्यांतील माणसांवर सहजी विश्वास बसत नाही. तो मिळविण्यास वर्षे लागली. भारत सरकारने १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण हा किताब दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे देहावसान झाले. कोसबाडचे काम पुढे अनुताईंनी १९९२ साली आपल्या मृत्यूपर्यंत निष्ठेने वाहिले. ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. आपण ज्या ज्या प्रांतात राहतो, तेथील खेड्यापाड्यांत हा शब्द आज ऐकू येतो. तो ऐकताना बोर्डीचे ते झाडलेले अंगण आपल्या डोळ्यांपुढे यावे, अशी आमची इच्छा आहे.

आता पुन्हा आमच्या रविवारच्या वर्गाकडे वळतो. मुलांना मायबोलीची गोडी उरली नाही, असा दोष आम्ही आजवर त्यांना आणि त्यांच्या आईवडिलांना देत आलो. ताराबाईंचे चरित्र वाचल्यावर हा दोष देताना जीभ अडखळते. आमचा वर्ग मंडळाच्या इमारतीत भरतो. शहर वाढले, मराठी कुटुंबे दूरदूरच्या वसाहतींत पांगली. दोन बस बदलून मुलास कोण आणणार? रविवारी सकाळी तर मुलांच्या इतर शिकवण्या असतात. घरात आई किंवा वडील अमराठी असतील, तर आमचे पुस्तक त्या मुलास पहिल्या पानापासूनच परके वाटते. या अडचणी आम्ही कधी विचारल्याच नाहीत. फक्त हजेरीपट मांडून वाट पाहत बसलो.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी हे मंडळ स्थापन केले, त्यांच्यापाशी इमारत नव्हती. गणेशोत्सव कोणाच्या तरी दिवाणखान्यात होई आणि मुले तेथेच गोष्टी ऐकत मराठी शिकत. इमारत झाली, तिचा आम्हांस रास्त अभिमान आहे. परंतु येत्या वर्षी प्रत्येक वसाहतीत एखाद्या कुटुंबाने आपल्या घरची बैठक आठवड्यातून एक तास मुलांसाठी मोकळी करावी आणि आपल्यापैकी कोणी तरी तेथे चार गोष्टी, चार गाणी घेऊन जावे, अशी आमची सर्व सभासद बंधुभगिनींना नम्र विनंती आहे. ताराबाईंचे स्मरण करण्याचा याहून उचित मार्ग आम्हांस दिसत नाही.