मसूर ते न्यूयॉर्क आणि परत

आमच्या विश्रामबागेत अमेरिका हा शब्द नवा नाही. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून तिकडे गेलेल्यांच्या गोष्टी चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. मोठा पगार, स्वतःचे घर, दारात मोटार. अमेरिकेचे स्वप्न म्हणजे एवढेच, असा माझाही समज होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा घरच्यांनी माझ्यासाठी असे स्वप्न पाहिले तर त्यात त्यांचा काय दोष? पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र वाचले आणि या स्वप्नाचा निराळाच अर्थ ध्यानात आला.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांचे बालपण आपल्याच भागात गेले. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर कुटुंब साताऱ्यास आले. तेथेच आई भीमाबाईंचे निधन झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे आणि पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची मुभा नसे.

विश्रामबागेहून पुण्याकडे जाणारी गाडी कराड सोडल्यावर मसूरवरून जाते. १९०१ साली याच मसूर स्टेशनावर नवे कपडे घातलेली काही मुले उतरली. त्यांत छोटे भीमराव होते. वडील खटाव तालुक्यातील गोरेगावी दुष्काळी कामावर कॅशियर होते. त्यांच्याकडे सुट्टीसाठी ही मुले निघाली होती. पत्राचा घोटाळा झाल्यामुळे न्यायला कोणी आले नव्हते. मुलांची जात कळताच स्टेशनमास्तरांचा सूर बदलला. एकही गाडीवान त्यांना घेईना. अखेर दुप्पट भाडे देऊन, बैलगाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक जण तयार झाला. डबा जवळ होता, पण वाटेत प्यायला पाणी मिळेना. मुले उपाशीच झोपली.

बारा वर्षांनी हाच मुलगा न्यूयॉर्कला पोहोचला. एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १९१२ साली बी. ए. झाले होते. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडिलांचे छत्र हरपले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ते कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे जॉन ड्यूई व एडविन सेलिग्मन यांच्यासारखे गुरू लाभले. सर्वांबरोबर एका टेबलावर जेवावे, ग्रंथालयात हवे ते पुस्तक हाती घ्यावे, जात कोणी विचारू नये! साताऱ्याच्या शाळेत जे मिळाले नाही ते सातासमुद्रापार मिळाले. पण या मोकळ्या हवेत ते रमून गेले नाहीत. काटकसरीने राहून रात्रंदिवस अभ्यास केला. १९१५ साली एम. ए. झाले आणि ९ मे १९१६ रोजी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. मसूरला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर ते न्यूयॉर्कमध्ये शोधत होते, असेच म्हणावे लागेल.

लंडनमार्गे १९१७ साली परतून ते करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. कचेरीतले शिपाई दुरून कागद फेकत. राहायला घर मिळेना, म्हणून पारशी धर्मशाळेत उतरले. तेथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एवढी विद्या मिळवूनही मसूर काही मागे पडले नव्हते! दुसरा कोणी असता तर त्याने या देशाकडे पाठ फिरवली असती. बाबासाहेबांनी तसे केले नाही. पुन्हा लंडनला जाऊन शिक्षण पुरे केले आणि परत आले. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. कोलंबियाची पीएच. डी. त्यांना मिळाली तीही त्याच वर्षी.

जेम्स ट्रस्लो ॲडम्स या अमेरिकन लेखकाने १९३१ साली या स्वप्नाला नाव दिले, तेव्हा त्यालाही केवळ मोटारी आणि पगार अभिप्रेत नव्हते. जन्म कोठेही होवो, प्रत्येकास आपल्या गुणांनुसार वाढता यावे, हा त्याचा अर्थ होता. अर्थात अमेरिकेतही ते सर्वांना लाभले नव्हते. कोलंबियाशेजारीच कृष्णवर्णीयांची हार्लेम वस्ती आहे. बाबासाहेबांना याची जाण होती; १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांचा लढा आणि अस्पृश्यांचा लढा यांतील साम्य दाखविले.

पुढे या स्वप्नाची व्याप्ती वाढतच गेली. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादचे महाविद्यालय त्यांनी उभे केले. जी दारे त्यांच्यासाठी न्यूयॉर्कला उघडली, ती त्यांनी आमच्यासारख्यांसाठी येथेच उघडली. जून १९५२ मध्ये कोलंबियाने त्यांना सन्मान्य एलएल. डी. दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

परदेशी जाणाऱ्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. संधी मिळाली तर मीही जाईन, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण माझ्याआधी आमच्या घरातले कोणी कॉलेजात आले नाही, ते त्यांच्या अंगी गुण नव्हते म्हणून नव्हे. मग मी शिकून एकटाच सुखी झालो, तर घराच्या स्वप्नाचे काय झाले म्हणायचे? पुण्याच्या गाडीत खिडकीशी बसून मसूरची पाटी दिसली, की हा प्रश्न मनात येतो आणि लवकर जात नाही.