माशांच्या पिढ्या मोजणारा शास्त्रज्ञ : योहान यॉर्ट

आपल्या कोकण-गोमंतकाच्या किनाऱ्यावर एखाद्या वर्षी तारल्या-बांगड्यांचे थवेच्या थवे येत, रांपण ओढता ओढता माणसे थकून जात आणि उरलेली मासळी माडांच्या मुळांशी खत म्हणून पडे. दुसऱ्या एखाद्या वर्षी तोच समुद्र, तीच जाळी, तीच माणसे. पण टोपल्या मात्र रिकाम्या! कोणी दैवाला बोल लावी, कोणी वाऱ्याला. असे का व्हावे, या प्रश्नाचा शास्त्रीय उलगडा ज्यांनी प्रथम केला, ते योहान यॉर्ट येथून फार दूर, नॉर्वे देशात जन्मले.

यॉर्ट यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८६९ रोजी राजधानीत, म्हणजे आजच्या ऑस्लो शहरात झाला. वडील नेत्रवैद्यकाचे प्राध्यापक होते. मुलानेही वैद्यकाचा अभ्यास आरंभिला. परंतु त्याचे मन प्राणिशास्त्राकडे ओढले गेले. जर्मनीतील म्यूनिक येथे अध्ययन करून १८९२ साली, अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी डॉक्टरेट मिळविली. अशा विद्वानाने विद्यापीठाच्या शांत दालनात आयुष्य घालविले असते, तर कोणास नवल वाटले नसते. यॉर्ट मात्र स्वदेशी परतून मच्छीमारांच्या प्रश्नांकडे वळले.

नॉर्वेचा किनारा खडकाळ, शेतजमीन थोडी. उत्तरेकडील लोफोटेन बेटांजवळ हिवाळ्यात येणारा कॉड आणि पश्चिम किनाऱ्यावरील हेरिंग यांवर हजारो कुटुंबांची चूल पेटत असे. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्याच कुळातला मासा. कॉड आला नाही, तर उपासमार ठरलेली. १९०३ साली उत्तरेकडील मेहाम्न या गावी संतप्त मच्छीमारांनी देवमाशांच्या शिकारीचा कारखाना मोडून टाकला. देवमासे मारल्यामुळेच कॉड किनाऱ्याकडे येत नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. शास्त्रज्ञांना तसा पुरावा सापडत नव्हता. परंतु खरे कारण काय, तेही कोणास सांगता येत नव्हते. भुकेल्या माणसाला केवळ नकार देऊन भागत नाही, हे यॉर्ट पुरते ओळखून होते.

१९०० साली संशोधनासाठी ‘मिखाएल सार्स’ नावाची आगबोट बांधण्यात आली व यॉर्ट यांचे कार्य बर्गेन बंदरातून चालू लागले. १९०२ साली कोपनहेगन येथे युरोपीय राष्ट्रांची सागरसंशोधन परिषद स्थापन झाली, तिच्या कामातही त्यांचा पुढाकार होता. १९०६ ते १९१६ पर्यंत ते नॉर्वेच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक होते.

याच काळात एक जुना वाद रंगला होता. फ्लोडेविगेन येथील केंद्रात कॉडची अंडी उबवून लक्षावधी इवली पिले समुद्रात सोडीत आणि त्यामुळे मासळी वाढते, असे मानीत. यॉर्ट व त्यांचे सहकारी यांनी खाड्याखाड्यांतून पिलांची मोजणी केली, तेव्हा पिले सोडल्याचा परिणाम त्यांना दिसून आला नाही. हे मत अनेकांना रुचले नाही. पिले सोडण्याचे काम पुढेही चालूच राहिले. ते १९७१ साली बंद झाले.

मग मासळी कमी-अधिक होते कशी? येथे यॉर्ट यांनी विचाराची दिशाच बदलली. जुनी समजूत अशी की, मासे दुसरीकडे निघून जातात. यॉर्ट म्हणाले, माणसांची जशी खानेसुमारी करतात, जन्म-मृत्यू आणि वय नोंदवितात, तशी माशांची का करू नये? पण माशाचे वय कळावे कसे? झाडाच्या बुंध्यात जशी वर्षागणिक वलये उमटतात, तशीच हेरिंगच्या खवल्यावरही उमटतात. हिवाळ्यात वाढ खुंटते आणि एक रेघ राहते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या रेघा मोजल्या की वय समजते. काही नामांकित पंडितांनी या रेघांवर विश्वास ठेवला नाही. यॉर्ट यांचे सहकारी मात्र वर्षामागून वर्षे हजारो खवले तपासीत राहिले.

त्यातून जे दिसले ते विलक्षण होते. १९०८ पासून पुढे अनेक वर्षे जाळ्यांत सापडणारे हेरिंग बहुतांशी १९०४ या एकाच साली जन्मलेले होते! त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या पिढ्या तुलनेने अगदी क्षीण. म्हणजे मासे कोठे पळून गेले नव्हते. काही वर्षी ते जगलेच नव्हते. हा सिद्धान्त यॉर्ट यांनी १९१४ साली आपल्या प्रख्यात ग्रंथात मांडला. अंड्यातून निघालेले पिलू आरंभी पोटाशी असलेल्या बलकावर जगते. तो संपताच त्याला समुद्रातील सूक्ष्म जीव खाण्यास मिळाले नाहीत, किंवा प्रवाहाने ते भलतीकडे वाहून गेले, तर कोट्यवधी पिले मरतात, असा त्यांचा तर्क होता. या तर्कावर शास्त्रज्ञ आजही काम करीत आहेत.

१९१० साली सर जॉन मरे यांच्या खर्चाने ‘मिखाएल सार्स’ बोटीवरून त्यांनी उत्तर अटलांटिक महासागराच्या खोल पाण्याचाही शोध घेतला. पुढे महायुद्ध आले. नॉर्वेच्या मासळीवर ब्रिटन व जर्मनी या दोघांचाही डोळा होता. १९१६ साली ब्रिटनशी झालेल्या मासळीच्या करारावरून सरकारशी मतभेद झाले, तेव्हा यॉर्ट यांनी संचालकपदाचा राजीनामा दिला. दहा वर्षे जोपासलेले काम असे सोडणे सोपे नव्हते. १९२१ साली ते ऑस्लो विद्यापीठात प्राध्यापक झाले.

उतारवयात त्यांनी देवमाशांच्या बेसुमार शिकारीकडे लक्ष वळविले. १९३३ साली दोन सहकाऱ्यांसह त्यांनी एक निबंध लिहिला. प्राण्यांची संख्या टिकून राहावी आणि तरीही दरवर्षी जास्तीत जास्त शिकार मिळावी, ही मर्यादा गणिताने कशी काढावी, याचा विचार त्यात होता. राष्ट्रांनी तो वेळीच ऐकला नाही आणि देवमाशांच्या कित्येक जाती नष्टप्राय झाल्या. १९३८ पासून ते त्याच आंतरराष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष होते. त्या पदावर असतानाच ७ ऑक्टोबर १९४८ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात वीस वर्षांतच नव्या यांत्रिक जाळ्यांनी नॉर्वेचा हेरिंग जवळजवळ संपविला. १९७० नंतर मासेमारीवर कडक बंधने घालावी लागली. पुढे १९८३ साली जन्मलेली पिढी भरघोस निघाली, आणि तिच्या बळावर हेरिंगचे थवे हळूहळू पुन्हा किनाऱ्याकडे येऊ लागले. नॉर्वेच्या सागरसंशोधन संस्थेच्या एका जहाजाला यॉर्ट यांचे नाव दिलेले आहे.