लुई पाश्चर

पिसाळलेल्या कुत्र्याचे नाव निघताच आपल्या नंदेसरीतही मुलांना घरात घेतले जाते. हे भय पाश्चर यांनी बालपणीच पाहिले. १८२२ साली फ्रान्समध्ये एका कातडी कमावणाऱ्याच्या घरी ते जन्मले. १८३१ साली पिसाळलेल्या लांडग्याने त्यांच्या परिसरातील लोकांस चावे घेतले. लोहारशाळेत त्यांच्या जखमा तापल्या लोखंडाने डागण्यात आल्या.

पुढे नामांकित रसायनशास्त्रज्ञ झाल्यावर ते या रोगाकडे वळले. रोगबीज सूक्ष्मदर्शकातून दिसेना. तरी ते मेंदूत व मज्जारज्जूत वसते, हे त्यांनी प्रयोगांनी ओळखले. हा विषाणू मज्जातंतूंवाटे मेंदूत शिरून असेटिलकोलीनासारख्या निरोप्या द्रव्यांच्या कार्यात व्यत्यय आणतो, हे आज आपणांस ठाऊक आहे. म्हणूनच मेंदूची फारशी हानी न दिसताही इमानी कुत्रा धन्यावरच धावून जातो!

सशांचे रोगट मज्जारज्जू वाळवून त्यांनी लस सिद्ध केली. कुत्र्यांवर ती यशस्वी ठरली; पण माणसावर? ६ जुलै १८८५ रोजी, श्वानदंश झालेल्या ९ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला घेऊन त्याची आई आली. पाश्चर वैद्य नव्हते. लस टोचली डॉ. ग्रांशे यांनी. दर खेपेस ती अधिक तीव्र होत गेली आणि पाश्चर यांची झोप उडाली. मुलगा वाचला.

१८९५ साली पाश्चर निवर्तले. पॅरिसमधील ज्या संस्थेत त्यांची समाधी आहे, तिचा द्वारपाल पुढे हाच जोसेफ होता.