आचार्य धर्मानंद कोसंबी : विद्येसाठी देशोदेशी

शेवगाव परिसरातील अनेक पालक दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी कारखान्यांची वाट धरतात आणि लेकरांना वसतिगृहाच्या स्वाधीन करून जातात. शिक्षणापायी घर दोन ठिकाणी वाटले जाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. म्हणूनच या स्मरणिकेसाठी आम्ही आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र निवडले आहे. विद्येसाठी ते देशोदेशी गेले. मात्र तिची किंमत त्यांनी एकट्याने मोजली नाही.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवळ या गावी झाला. शालेय शिक्षण जेमतेम. नारळाच्या बागेची देखभाल हाच व्यवसाय. एका मराठी मासिकातील बुद्धचरित्राने त्यांच्या मनाचा ठाव घेतला, आणि १८९९ च्या अखेरीस पत्नी बाळाबाई व काही महिन्यांची कन्या माणिक यांना मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुण्यात संस्कृताचा आरंभ, पुढे काशीत अन्नछत्रात जेवून अध्ययन, नेपाळात धर्माचा शोध आणि तेथे पदरी पडलेली निराशा. अखेर १९०२ मध्ये सिलोन. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी त्यांना पालीची वाट सापडली. तेथील हवा आणि आहार मात्र मानवेना. पुढे ब्रह्मदेशातही त्यांनी भिक्षुजीवन कंठले. घरी परतण्यास जवळजवळ सात वर्षे लागली.

या सात वर्षांत बाळाबाईंनी काय सोसले असेल, याची नोंद चरित्रग्रंथांत फार त्रोटक आढळते. नवरा जिवंत असून संसार नाही, आणि त्या काळच्या गोव्यातील समाजाची जीभ! धर्मानंदांच्या त्यागाचा गौरव करताना या माउलीचा त्याग दुय्यम मानणे आम्हांस उचित वाटत नाही.

परतल्यावर ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले. कलकत्ता विद्यापीठ दरमहा २५० रुपये देऊ करीत होते. त्याच सुमारास बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी महाराष्ट्रात राहण्याच्या अटीवर दरमहा ५० रुपयांचे साहाय्य देऊ केले. धर्मानंदांनी ५० रुपये स्वीकारले. बुद्धाची भाषा आपल्या लोकांना शिकवावयाची, हा एकच हिशेब त्यांच्यापुढे होता. डॉ. रा. गो. भांडारकरांच्या प्रयत्नांनी मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळाले आणि १९१२ पासून धर्मानंद पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापक झाले. आज आमची मुले वसतिगृहात त्रिशरण-पंचशील म्हणतात ती भाषा महाराष्ट्रातील वर्गखोल्यांत आणणाऱ्यांत हा शिक्षक अग्रणी होता.

तत्पूर्वी १९१० मध्ये प्राध्यापक जेम्स वूड्स यांच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले होते. हेन्री वॉरन या विद्वानाने अपुरे ठेवलेले ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन पुरे करावयाचे होते. शालेय शिक्षण अपुरे राहिलेला गोव्याचा हा गृहस्थ तेथील पंडितांच्या बरोबरीने बसला. परंतु संपादनाच्या श्रेयावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये काम अर्धवट टाकून ते परतले. परदेशी विद्यापीठाच्या दिपवणाऱ्या नावापुढे मान न तुकविण्याचा हा बाणा आम्हांस त्यांच्या पांडित्याइतकाच मोलाचा वाटतो.

कामाची ओढ मात्र सुटली नाही. १९१८ मध्ये ते पुन्हा हार्वर्डला गेले. या खेपेस माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर सोबत होते. बाळाबाई मागेच राहिल्या. माणिकने तेथे पदवी संपादन केली आणि दामोदर पुढे थोर गणितज्ञ व इतिहासकार म्हणून विख्यात झाला. मुलांना जगाची दारे उघडली, ती अशी आईपासूनच्या ताटातुटीतून. हार्वर्डच्या आणखी दोन वाऱ्या झाल्या, १९२९-३० मध्ये लेनिनग्राडलाही जाणे घडले. मायदेशी आल्यावर त्यांनी मिठाच्या सत्याग्रहात कारावास पत्करला, आणि पुढे परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार उभारला.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे उपोषणाने त्यांनी देह ठेवला. ‘विसुद्धिमग्ग’ची त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईत निघाली होती. ज्या हार्वर्ड आवृत्तीसाठी चार वेळा समुद्र ओलांडला, ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठावर वॉरन यांच्यासमवेत धर्मानंदांचे नाव होते. ते पाहावयास ते नव्हते.