यंत्रसंशोधक शंकर आबाजी भिसे

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी पेण सोडून पुढे निघाली, की कासू हे लहानसे स्थानक येते. भोवताली भातशेतीचा मुलूख. रात्रीच्या वेळी गाडी थांबली म्हणजे नवखा प्रवासी खिडकीतून डोकावून पाहतो. नावाचा फलक नेमका मागे राहिलेला असतो, किंवा अंधारात असतो. कासू आले की नागोठणे, असे तो शेजारच्याला विचारतो, आणि उत्तर मिळेपर्यंत कधी कधी गाडी सुटलेलीही असते. मुंबईच्या उपनगरी गाड्यांत आता डब्यातच पुढील स्थानकाचे नाव प्रकाशमान अक्षरांत उमटते. ही सोय अलीकडची खरी. परंतु ती असावी ही कल्पना फार जुनी आहे. १८९० नंतरच्या दशकात, कासूच्या बाजूला लोहमार्ग येण्यापूर्वी कितीतरी वर्षे, मुंबईतील एका तरुणाने उपनगरी गाड्यांकरिता स्थानकाचे नाव दाखविणारे यंत्र योजिले होते. त्या तरुणाचे नाव शंकर आबाजी भिसे.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८६५ मध्ये, मुंबईच्या रस्त्यांवर वायूचे दिवे लागले होते. दगडी कोळसा बंद भांड्यात तापविला म्हणजे त्यातून ज्वलनशील वायू निघतो. तो नळ्यांतून नेऊन हे दिवे पेटवीत असत. संध्याकाळी रस्त्यात उजळणारे हे दिवे शहरातील सर्वच मुले पाहत होती. शंकरने मात्र वयाच्या चौदाव्या वर्षी तोच वायू घरच्या घरी तयार करण्याचे उपकरण बनविले. घरातील वडील माणसांच्या जिवाला त्या वेळी किती घोर लागला असेल, याची कल्पना करता येते. यंत्रशास्त्राचे शिक्षण देणारा गुरू त्याला लाभला नाही. एक अमेरिकन विज्ञानमासिक त्याच्या वाचनात येई. त्यातील आकृत्या आणि वर्णने हीच त्याची शाळा. सोळाव्या वर्षीच त्याने मनाशी ठरविले, की संशोधनासाठी इंग्लंडात किंवा अमेरिकेत जावयाचे.

तो योग येण्यास बरीच वर्षे लागली. तोवर भिसे मुंबईतच नाना उद्योग करीत राहिले. आतील माल कोणी बदलू नये म्हणून निराळ्या घडणीची बाटली, सायकलला जोडण्याची विजेची साधने आणि वर सांगितलेला स्थानकदर्शक ही त्या काळची त्यांची कामगिरी. एक वस्तू पाहता पाहता दुसरीच होऊन जावी, असा दृष्टिभ्रम घडविणारे प्रयोगही ते करून दाखवीत. १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष आल्फ्रेड वेब यांनी या प्रयोगांबद्दल त्यांना सुवर्णपदक दिले. विज्ञान आपल्या माणसांना आपल्या भाषेत समजले पाहिजे, या हेतूने त्यांनी मुंबईत एक विज्ञानमंडळ स्थापन केले आणि विविध कलाप्रकाश नावाचे मराठी मासिक चालविले. त्या काळी शिकलेल्या माणसाने शास्त्रीय विषयावर लिहावयाचे ते इंग्रजीतच, असा समज रूढ होता. म्हणून या मासिकाचे मोल अधिक.

त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते मात्र एका तराजूमुळे. वाण्याच्या दुकानात साखर किंवा पीठ विकत घेताना तागडीच्या एका पारड्यात वजने आणि दुसऱ्यात माल घालतात, थोडे काढतात, थोडे टाकतात, आणि काटा स्थिर होण्याची वाट पाहतात. यात वेळ जातो, आणि देणाऱ्याचा हात घेणाऱ्याच्या मनात संशयही उत्पन्न करतो. साठविलेल्या मालातून हवे तेवढेच वजन आपोआप तोलून बाहेर देणारे यंत्र कोणी करील काय, अशी स्पर्धा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका संशोधनविषयक नियतकालिकाने जाहीर केली. भिसे यांनी मुंबईहून आपला आराखडा पाठविला. स्पर्धेत इंग्लंडातील अनुभवी कारागीर होते. तरीही पारितोषिक मिळाले ते भिसे यांना. कारखाना न पाहिलेल्या, महाविद्यालयात यंत्रविद्या न शिकलेल्या एका हिंदी तरुणाने राज्यकर्त्यांच्या राजधानीत हा मान मिळविला, या वार्तेने मुंबईतील जाणत्या लोकांचे लक्ष त्यांच्याकडे वेधले. काँग्रेसचे चिटणीस दिनशा वाच्छा यांनी त्यांना दादाभाई नौरोजी यांच्या नावे पत्र दिले, आणि ते घेऊन भिसे लंडनला गेले.

दादाभाईंनी त्या वेळी वयाची सत्तरी ओलांडलेली होती. हिंदुस्थानची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहत जाते, याचा हिशेब मांडण्यात त्यांनी हयात घालविली होती. एक हिंदी माणूस आपल्या बुद्धीच्या बळावर इंग्लंडच्या बाजारातून धन मिळवू पाहतो, ही गोष्ट त्यांना भावली असल्यास नवल नाही. त्यांनी भिसे यांना केवळ आशीर्वाद दिला नाही. त्यांच्या उद्योगात स्वतःचा पैसाही घातला. भिसे यांच्या घरातून मग यंत्रांचा जणू ओघ सुरू झाला. जाहिराती दाखविणारे व्हर्टोस्कोप नावाचे विजेचे यंत्र, स्वयंपाकघरातील उपकरणे, दूरध्वनीचा एक प्रकार, डोकेदुखी थांबविण्याचे साधन, आपोआप पाणी सोडणारे शौचकूप, कपडे धुण्याचे रसायन! त्यांच्या शोधांची संख्या २०० च्या घरात सांगतात. त्यांपैकी सुमारे ४० शोधांची पेटंटे त्यांनी घेतली. या विपुलतेत त्यांचा एक दोषही दिसतो. एक यंत्र बाजारात रुजण्यापूर्वीच त्यांचे मन दुसऱ्याकडे धाव घेई.

एका यंत्राचा नाद मात्र त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. ते यंत्र होते छपाईचे खिळे पाडण्याचे. त्या काळी छापले जाणारे प्रत्येक अक्षर म्हणजे धातूचा एक सुटा खिळा असे. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस साच्यात ओतावयाचा, तो थिजला की खिळा बाहेर काढावयाचा, आणि असे हजारो खिळे पेट्यांत भरावयाचे. मग जुळारी एकेक खिळा उचलून ओळी जुळवी. देवनागरीत तर काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी लागत. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि पुढे निर्णयसागर छापखान्याने सुबक देवनागरी अक्षरांबद्दल कीर्ती मिळविली. खिळ्यांचे महत्त्व मुंबईच्या माणसाला सांगावे लागत नव्हते.

इंग्लंड-अमेरिकेत खिळे आपोआप ओतणारी यंत्रे तोवर निघाली होती. लायनोटाइप यंत्र अखंड ओळ ओती, तर मोनोटाइप यंत्र मिनिटास सुमारे १५० सुटी अक्षरे देई. हा वेग वाढविण्यात मोठी अडचण होती. धातूचा रस थिजण्यास काही क्षण द्यावेच लागतात. घाई केली तर खिळा पोकळ निघतो किंवा त्याची कड मोडते. शिवाय पुन्हा पुन्हा रस ओतल्याने साचा तापतो आणि थिजण्यास आणखी वेळ लागतो. भिसे यांनी मिनिटास १,२०० अक्षरे पाडून जुळविणाऱ्या यंत्राची कल्पना मांडली. म्हणजे एका सेकंदास २० अक्षरे! जाणकारांनी ती हसण्यावारी नेली. लंडनमधील कॅस्लन हा खिळे पाडण्याचा जुना आणि नामांकित कारखाना. तेथूनही, हे प्रत्यक्ष करून दाखवा, असे आव्हान आले. भिसे यांनी ते स्वीकारले. अनेक वर्षे त्यांनी त्या यंत्रामागे घालविली, आणि १९०८ च्या सुमारास ठरल्या वेगाने चालणारे यंत्र उभे करून दाखविले. त्याचे नाव भिसोटाइप.

यंत्र चालले, व्यवहार मात्र चालला नाही. असे यंत्र कारखान्यात मोठ्या संख्येने तयार करावयाचे तर फार मोठे भांडवल हवे. दादाभाईंचे स्नेही, समाजवादी पुढारी हिंडमन यांनी ते जमविण्याचे मनावर घेतले. परंतु १९०७ मध्ये अमेरिकेत पेढ्या कोसळल्या, त्याचे हादरे लंडनच्या बाजारालाही बसले, आणि पैसा उभा राहिला नाही. त्याच वर्षी वृद्ध दादाभाई कायमचे मायदेशी परतले. ज्या यंत्राने तज्ज्ञांना निरुत्तर केले त्याला गिऱ्हाईक मिळण्यापूर्वीच लंडनमधील कचेरी बंद करण्याची पाळी भिसे यांच्यावर आली. १९०८ च्या अखेरीस ते रिकाम्या हाताने मुंबईस आले.

येथे त्यांना गोपाळ कृष्ण गोखले यांचे साहाय्य लाभले. गोखल्यांच्या खटपटीमुळे जमशेटजी टाटा यांचे धाकटे पुत्र सर रतन टाटा यांनी या कामात पैसा घालण्याचे मान्य केले, आणि १९१० मध्ये टाटा-भिसे मंडळ स्थापन झाले. भिसे पुन्हा लंडनला गेले, यंत्रात त्यांनी सुधारणा केल्या. पण काही वर्षांत पहिले महायुद्ध पेटले आणि हाही आधार सुटला.

वयाच्या पन्नाशीला टेकलेला माणूस अशा वेळी नोकरी धरून स्वस्थ बसता. भिसे यांनी न्यूयॉर्क गाठले आणि परक्या देशात तिसऱ्यांदा आरंभ केला. तेथे त्यांचे सुधारलेले खिळेयंत्र तयार झाले, त्यासाठी कंपनीही निघाली. तथापि त्यांना खरी प्राप्ती झाली ती यंत्रापासून नव्हे. ते आजारी पडले असता आयोडीनयुक्त औषधाने त्यांना गुण आला. कशाने गुण आला याचा शोध घेतल्यावाचून त्यांना राहवेना! त्यातून त्यांनी ॲटोमिडिन नावाचे औषध सिद्ध केले, आणि त्याच्या विक्रीने उतारवयातील ओढगस्त काहीशी कमी झाली.

अमेरिकेतील वृत्तपत्रे त्यांना हिंदी एडिसन म्हणू लागली होती. ज्या देशातील मासिक वाचून एका मुलाने यंत्रांचा ध्यास घेतला, त्याच देशात १९३० च्या डिसेंबरात त्याची थॉमस एडिसन यांच्याशी प्रत्यक्ष भेट झाली. एडिसन तेव्हा ८३ वर्षांचे होते, भिसे ६३ वर्षांचे. एकाच्या मागे त्याच्या नावाचे मोठमोठे कारखाने उभे होते. दुसऱ्याचे आयुष्य कारखान्यासाठी भांडवल शोधण्यात सरले होते.

७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे शंकर आबाजी भिसे यांचे निधन झाले. त्यांना ६८ वर्षे पूर्ण होण्यास बावीस दिवस उरले होते.